प्रादेशिक राजघराण्यांचे सोन्याचे दिनार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संग्रहालयातल्या काचेआड एक पातळ, पिवळाधमक चकती दिसते. दोन्ही बाजूंना अरबी अक्षरे, चित्र एकही नाही. खाली पाटी असते, 'फातिमी दिनार, अकरावे शतक'. एवढ्यावर समाधान न होणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न इथे घेतले आहेत. भर खलिफांपेक्षा त्यांच्या आसपास आणि त्यांच्या विरोधात उभ्या राहिलेल्या घराण्यांवर आहे, कारण नाण्यांवरचे खरे राजकारण तिथेच घडले.

दिनार म्हणजे नेमके कोणते नाणे?

उमय्या खलिफा अब्दुल मलिक याने हिजरी ७७ मध्ये (इ.स. ६९६-९७) नव्या घडणीत पाडायला सुरुवात केलेले सुमारे ४.२५ ग्रॅमचे सोन्याचे नाणे. आपल्या जुन्या तोळ्याच्या (११.६६ ग्रॅम) तिसऱ्या हिश्शाहून थोडे जास्त. त्याआधी सीरिया आणि इजिप्तमध्ये बायझंटाईन सम्राटांचे सॉलिडस हे सोन्याचे नाणे चाले. त्यावर सम्राटाची छबी आणि क्रूस असे. अब्दुल मलिकने प्रथम स्वतःची उभी आकृती असलेली नाणीही काढून पाहिली, पण ती काही वर्षांतच मागे पडली आणि दोन्ही बाजू मजकुराने भरल्या. मधोमध 'ला इलाह इल्लल्लाह वहदहू ला शरीक लहू', कडेने कुराणातले वचन आणि वर्ष. वर्षही आकड्यांत नाही, शब्दांत.

या पहिल्या दिनारांवर राजाचे नाव नाही आणि टांकसाळीचेही नाही. पुढची सगळी गंमत या रिकाम्या जागेमुळे झाली.

मग नावे कधी आली?

हळूहळू, अब्बासी काळात. हारून अल-रशीदच्या (७८६–८०९) काळात काही नाण्यांवर अधिकाऱ्यांची नावे डोकावू लागतात. मामूनच्या (८१३–८३३) काळात दिनारावर टांकसाळीचे नाव येऊ लागले आणि दर्शनी बाजूला कडेच्या लेखाचे दुसरे वर्तुळ पडले. त्याचा भाऊ मुअतसिम याच्यापासून खलिफाचे नाव हा नेमच झाला. एकदा खलिफाचे नाव आले, की त्याच्या खालची जागा कोणाची हा प्रश्न उभा राहतो. वारसाची? वजिराची? की दूरच्या सुभ्यात बसून बगदादला खंडणी पाठवायची की नाही याचा विचार करणाऱ्या सुभेदाराची?

प्रादेशिक राजांना सोन्याचे नाणे पाडायचा हक्क होता का?

शुक्रवारच्या नमाजाआधीच्या खुत्ब्यात, म्हणजे प्रवचनात, कोणाचे नाव घ्यायचे आणि नाण्यावर कोणाचे नाव घालायचे, या दोन गोष्टींवरून त्या मुलुखाचा धनी कोण हे ठरत असे. सोन्याचा मान तर चांदीहून मोठा. म्हणूनच बगदादला न मानणारे स्पेनमधले उमय्या अमीर पावणेदोनशे वर्षे चांदीच्या दिरहमांवर भागवत राहिले. अब्दुर रहमान तिसरा याने ९२९ मध्ये स्वतःला खलिफा म्हणवून घेतले आणि त्याबरोबरच कोर्दोबाच्या टांकसाळीतून दिनार बाहेर पडू लागले.

पण हा कायदा नव्हता, संकेत होता, आणि संकेत मोडणारे होतेच. आजच्या ट्युनिशियात ८०० पासून राज्य करणारे अग्लबी बगदादची सत्ता तोंडाने मानत, पण त्यांच्या दिनारांवर खलिफाचे नाव नसे. स्वतःचे नाव आणि वर 'गलब', म्हणजे 'जिंकला', एवढेच. निष्ठा ठेवून अंतर राखायची ही पद्धत मला तरी फार हुशारीची वाटते.

इजिप्तमध्ये अहमद इब्न तुलूनने दुसरी वाट धरली. तो ८६८ मध्ये सुभेदार म्हणून आला. हिजरी २६६ (इ.स. ८७९-८०) पासून त्याच्या दिनारांवर खलिफाचे नाव वर आणि त्याचे स्वतःचे खाली असे दिसते. म्हणायला चाकरी, प्रत्यक्षात घराण्याची स्थापना. त्याचे सोने मात्र बावनकशी होते, आणि 'अहमदी' दिनारांची कीर्ती त्याच्या मागेही राहिली.

पूर्वेकडे बुवैही या इराणी घराण्याची तऱ्हा आणखी वेगळी. हे शिया, आणि त्यांनी ९४५ मध्ये बगदाद घेतले. सुन्नी खलिफा त्यांच्या मुठीत होता. तरी नाण्यावरून त्यांनी त्याचे नाव काढले नाही. त्याच्यासोबत स्वतःच्या पदव्यांची रांग लावली, इराणी थाटाची 'शाहनशाह' ही पदवीसुद्धा. खलिफा हाताशी ठेवणे त्याला हटवण्यापेक्षा सोयीचे होते.

एखादा दिनार राजकीय कागदासारखा कसा वाचायचा?

चार गोष्टी बघा: खलिफा म्हणून कोणाचे नाव आहे, त्याच्याखाली कोण आहे, टांकसाळ कुठली, वर्ष कुठले. गझनीच्या महमूदची सुरुवातीची नाणी घेतली तर त्यावर त्याचा धनी म्हणून बुखाऱ्याचा सामानी अमीर दिसतो. ९९९ मध्ये सामानी कोसळले आणि महमूदने बगदादच्या अल-कादिरकडून थेट मान्यता मिळवली. त्यानंतर मधला धनी नाण्यावरून गायब होतो. राजवट बदलल्याची तारीख इतिहासकाराच्या बखरीत चुकू शकते, पण टांकसाळीतल्या कारागिराला ठसा बदलावाच लागतो.

याचे सगळ्यात नाट्यमय उदाहरण बगदादचेच आहे. अल-बसासिरी नावाच्या तुर्क सेनानीने १०५८ च्या शेवटी, सेल्जुक सुलतान तुघरिल दूर असताना शहर काबीज केले आणि खुत्बा कैरोच्या फातिमी खलिफा मुस्तन्सिरच्या नावे वाचवला. हिजरी ४५० चा असा एक दिनार आहे, की ज्यावर टांकसाळ 'मदीनत अल-सलाम' म्हणजे अब्बासींची राजधानी बगदाद आणि नाव मात्र अब्बासींच्या हाडवैऱ्याचे! जेमतेम वर्षभर हे चालले. तुघरिल परतला, बसासिरी मारला गेला. दिनार अतिशय दुर्मीळ आहेत, आणि का ते सांगायला नको.

फातिमी दिनारांचे एवढे कौतुक का होते?

कस आणि सातत्य. फातिमींनी ९०९ मध्ये ट्युनिशियात सत्ता घेतली. इस्माईली इमाम असल्यामुळे अब्बासींशी त्यांचे वैर श्रद्धेचे होते, आणि त्यांना आपले नाणे अब्बासी नाण्यापासून लांबूनच वेगळे ओळखू यायला हवे होते. खलिफा अल-मुइज्ज (९५३–९७५) याने ते साधले. मधल्या ओळींच्या जागी एकात एक तीन वर्तुळे, प्रत्येकात मजकूर, त्यात अलीच्या श्रेष्ठत्वाची घोषणा. निरक्षर माणसालाही नाणे हातात घेताच कळावे, हे कोणाचे आहे ते.

जौहर या सेनापतीने ९६९ मध्ये इजिप्त जिंकले तेव्हा तिथल्या फुस्तात या राजधानीच्या रहिवाशांना दिलेल्या अभयपत्रात नाणे सुधारण्याचे वचनही होते. जिंकलेल्या शहराला पहिल्याच दिवशी चलनाबद्दल हमी द्यावी लागते, यावरून लोकांच्या मनात काय सलत होते ते दिसते. पुढे फातिमींचा महसूल पाहणारा याकूब इब्न किल्लिस आणि त्याच्या सहकाऱ्याने सारा फक्त मुइज्जी दिनारांत स्वीकारायचा नियम केला. आधीच्या अब्बासी खलिफाच्या नावाचे 'राजी' दिनार लोकांच्या हातात होते, त्यांचा भाव घसरला, आणि ज्यांच्याकडे साठा होता त्यांचे नुकसान झाले. कोणतेही नाणे सरकारच्या तिजोरीत चालते की नाही, यावर बाजारात त्याची किंमत ठरते, हे तेव्हाही खरे होते.

पुढच्या काही फातिमी दिनारांवर 'आल' आणि 'गाया' हे शब्द येतात. अर्थ, उंची प्रतीचे, पराकोटीचे. टांकसाळ स्वतःच सोन्याच्या कसाची ग्वाही देते आहे. आणि ती ग्वाही बहुतांश खरी होती: बराच काळ हे सोने पंचाण्णव टक्क्यांच्या वर राहिले.

इस्रायलमधल्या कैसेरियाच्या समुद्रात २०१५ मध्ये पाणबुड्यांना सुमारे दोन हजार सोन्याची नाणी सापडली. बहुतेक अल-हाकिम आणि अल-जाहिर या दोन फातिमी खलिफांची. सर्वांत जुने नाणे मात्र सिसिलीच्या पालेर्मोत पाडलेला नवव्या शतकातला पाव दिनार. शतकाहून जास्त जुने नाणे नव्यांच्या बरोबरीने एकाच ठेव्यात चालते, याचे कारण सोने सोनेच असते.

एवढे सोने यायचे कुठून?

इजिप्तला नुबियातल्या वादी अल-अल्लाकीच्या खाणी होत्या. शिवाय फैरोंच्या थडग्यांतून काढलेले सोनेही. पश्चिमेकडे खरा झरा सहाराच्या पलीकडे होता. सेनेगल आणि नायजर नद्यांच्या वरच्या प्रदेशातले सोने उंटांच्या तांड्यांनी वाळवंट ओलांडून मोरोक्कोच्या सिजिलमासा शहरात येई. परतीला मीठ, कापड, तांबे जाई. सिजिलमासा ज्याच्या हाती, त्याचा दिनार चालणार हे ठरलेले. म्हणून फातिमी, कोर्दोबाचे उमय्या आणि नंतर मुराबितून यांनी या एका गावासाठी जिवाचे रान केले.

मुराबितून आणि मुवह्हिदून यांच्या नाण्यांत फरक काय?

मुराबितून हे सहारातल्या सनहाजा टोळ्यांचे. १०५० च्या दशकात सिजिलमासा घेतले आणि लगेच दिनार पाडायला लागले. त्यांच्या नाण्यावरचे कुराणवचन आहे, इस्लामखेरीज अन्य धर्म शोधणाऱ्याकडून तो स्वीकारला जाणार नाही, या अर्थाचे. ते त्यांनी पहिल्यांदा वापरले असे नाही. ट्युनिशियाच्या अल-मुइज्ज इब्न बादिस याने हिजरी ४४१ (इ.स. १०४९-५०) मध्ये फातिमींशी संबंध तोडले तेव्हा हेच वचन नाण्यावर घातले होते. तिथे रोख शियांवर होता. मुराबितूनच्या हाती ते वचन स्पेनमध्ये गेले, जिथे समोर ख्रिस्ती राजे होते.

मुवह्हिदून या मोरोक्कोतल्या पुढच्या घराण्याने ११४७ मध्ये मराकेश घेऊन त्यांना संपवले आणि नाण्याचा चेहराच बदलला. वर्तुळात चौकोन, वळणदार नस्ख अक्षरे, आणि वर्ष नाही. चांदीचे नाणे तर चक्क चौकोनी. याकूब अल-मन्सूरच्या काळात (११८४–११९९) दिनार दुप्पट होऊन ४.६ ग्रॅमच्या आसपास गेला, आणि स्पेनमधल्या ख्रिस्ती राज्यांनी त्यावरूनच आपले 'डोब्ला' हे सोन्याचे नाणे उचलले. चौकोनाची ही घडण पुढे ट्युनिसचे हफ्सी, फेजचे मरीनी आणि ग्रॅनाडाचे नस्री या सगळ्यांनी चालवली. नस्रींचे 'अल्लाहखेरीज कोणी विजेता नाही' हे वाक्य अल्हाम्ब्राच्या भिंतींवर ज्यांनी पाहिले आहे, त्यांना तेच सोन्यावर बघताना ओळख पटेल.

ख्रिस्ती राजांनीही अरबी मजकुराची नाणी पाडली, हे खरे का?

खरे, आणि अनेक ठिकाणी. इंग्लंडमधल्या मर्सियाचा राजा ऑफा याच्या नावाचे एक सोन्याचे नाणे ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. ते हिजरी १५७ (इ.स. ७७४) च्या अब्बासी दिनाराची नक्कल आहे. ठसा कोरणाऱ्याला अरबी येत नव्हते, कारण 'ऑफा रेक्स' ही लॅटिन अक्षरे अरबीच्या मानाने उलटी पडली आहेत. कलिमा, म्हणजे 'अल्लाहखेरीज देव नाही' ही घोषणा, मात्र जशीच्या तशी.

कॅस्टिलचा आल्फोन्सो आठवा याने मुराबितूनांचा दिनार बाजारातून आटल्यावर ११७० च्या दशकात तोलेदोत स्वतःच तसे नाणे पाडले. भाषा अरबी, मांडणी मुराबिती, मजकूर ख्रिस्ती: रोमच्या पोपला त्यात 'ख्रिस्ती धर्माचा इमाम' म्हटले आहे.

क्रूसेडर त्याहून बेधडक. पॅलेस्टाईनच्या किनाऱ्यावरच्या अक्रा शहरात ते फातिमी खलिफा अल-आमिरच्या दिनारांची नक्कल पाडत राहिले, कलिम्यासह, पण सोने हिणकस. १२५० च्या सुमारास पोपचा दूत तिथे पोहोचला आणि पवित्र युद्ध लढणारे लोक मुहंमदाचे नाव कोरलेली नाणी पाडतात हे पाहून हादरला. तक्रार पोपपर्यंत गेली. उपाय काय निघाला? अरबी तशीच ठेवून मजकूर ख्रिस्ती केला आणि मधे क्रूस घातला. बाजाराला अरबी अक्षरांची सवय होती, ती मोडायची हिंमत कोणाला नव्हती.

नाण्यांवर चित्रे अजिबात नसत का?

दिनारांवर जवळजवळ नाहीच. अपवाद आहेत: तुघरिलच्या नाण्यांवर धनुष्यबाणाचे चिन्ह, इजिप्तचा मामलुक सुलतान बैबर्स याच्या नाण्यांवर सिंह. आणि आपल्याकडचा मोठा अपवाद म्हणजे मुहंमद घोरीचे उत्तर भारतातले सोन्याचे नाणे. त्यावर बसलेली लक्ष्मी आहे आणि नाव नागरीत.

एखाद्या स्त्रीने दिनार पाडला होता का?

कैरोची शजर अल-दुर्र, १२५०. नवरा वारला, सावत्र मुलगा मारला गेला, आणि तीन महिन्यांहून कमी काळ ती सुलतान होती. तिच्या दिनारावर 'मुसलमानांची राणी' आहे, 'अल-मलिक अल-मन्सूर खलीलची आई' आहे, बगदादचा खलिफाही आहे, पण तिचे स्वतःचे नाव नाही. खलील तर आधीच लहानपणी गेला होता. मेलेल्या मुलाच्या नात्याने तिने राज्यावरचा हक्क सोन्यावर कोरून घेतला.

कस आणि वजन कसे तपासत?

इजिप्तमध्ये दिनाराचे वजन पडताळायला काचेची वजने असत. काच झिजत नाही आणि कोणी कड उडवली तर लगेच दिसते. मोठ्या व्यवहारांत नाणी मोजतच नसत. सराफ दिनार तोलून, थैलीत घालून, मोहोर लावून देई आणि थैली तशीच हातोहात फिरे. कैरोच्या सिनेगॉगमध्ये सापडलेल्या गेनिझा कागदपत्रांत अशा थैल्यांचे उल्लेख सारखे येतात.

महाराष्ट्राशी, कोकणाशी काही संबंध आहे का?

आहे, पण जपून सांगायला हवा. अल-मसऊदी हा प्रवासी हिजरी ३०४ (इ.स. ९१६-१७) च्या सुमारास चौलला आला होता. अरब त्याला सैमूर म्हणत. राष्ट्रकूटांची सत्ता, स्थानिक कारभार शिलाहार झंझाचा, आणि बंदरात मुसलमान व्यापाऱ्यांची मोठी वस्ती असे तो लिहितो. पश्चिम किनाऱ्याच्या या व्यापाराचे हिशेब बाराव्या शतकात एडनच्या 'मलिकी' दिनारात मांडले जात. हा येमेनच्या सुलैही घराण्याने सुरू केलेला, कमी वजनाचा आणि कमी कसाचा दिनार. एका इजिप्शियन दिनाराला दोनाहून जास्त मलिकी मोजावे लागत. सुलैही हे फातिमींचे निष्ठावंत, आणि त्यांच्याच काळात येमेनमधून गुजरातेत इस्माईली धर्मप्रचारक आले. मुंबईतल्या बोहरा समाजाची परंपरा तिथपर्यंत जाते.

खुद्द दख्खनच्या मातीत ही पद्धत चौदाव्या शतकात दिसते. मुहंमद बिन तुघलकाने १३४० च्या दशकात आपले नाव काढून कैरोतल्या नामधारी अब्बासी खलिफांची नावे सोन्याच्या नाण्यांवर घातली. त्यातला एक खलिफा तोवर वारलाही होता, बातमी दिल्लीत उशिरा पोहोचली. त्याच सुलतानाविरुद्ध बंड करून १३४७ मध्ये दौलताबादला गादीवर बसलेल्या बहमन शाहाच्या नाण्यांवर तो स्वतःला 'दुसरा सिकंदर' आणि 'खिलाफतीचा उजवा हात' म्हणवतो. बगदाद तर १२५८ मध्येच मंगोलांनी धुळीला मिळवले होते. बहमनी सोन्याचा टंक मात्र दिनाराच्या नव्हे, दिल्लीच्या वजनाचा, ११ ग्रॅमच्या आसपास. इतिहासकार फेरिश्ता सांगतो की पुढचा सुलतान पहिला मुहंमद शाह याच्या काळात दख्खनचे सराफ बहमनी सोन्याची नाणी वितळवत आणि विजयनगरच्या होनालाच पसंती देत. सुलतानाने त्यांना कठोर शिक्षा केल्या. तरी होन टिकला, शिवाजी महाराजांपर्यंत.

दिनार मागे का पडला?

सहारापारचे सोने हळूहळू इटलीकडे वळले. फ्लॉरेन्सने १२५२ मध्ये फ्लॉरिन आणि व्हेनिसने १२८४ मध्ये डुकाट काढला. दोन्ही साडेतीन ग्रॅमचे, कसाला पक्के आणि वजनाला एकसारखे. मामलुक दिनारांचे वजन मात्र नाण्यागणिक बदले, त्यामुळे दर वेळी तोलावे लागे. मालीचा राजा मन्सा मुसा १३२४ मध्ये हजला जाताना कैरोत इतके सोने वाटून गेला, की अल-उमरी या लेखकाने बारा वर्षांनी लिहिले तेव्हाही सोन्याचा भाव सावरला नव्हता. अखेर सुलतान बर्सबाय याने १४२५ मध्ये डुकाटच्या वजनाजवळचे 'अशरफी' हे सोन्याचे नाणे काढले. सातशे वर्षांचे माप सोडून त्याने व्हेनिसचे माप घेतले.

हिजरी वर्षाचे इसवी सन कसे काढायचे?

हिजरी वर्षाला ०.९७ ने गुणा आणि ६२२ मिळवा. एखाद्या वर्षाचा फरक पडतो, तेवढ्यावर काम भागते.

घरी किंवा जमिनीत असे नाणे सापडले तर?

जमिनीत सापडले, तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. किंमत दहा रुपयांहून जास्त असली तरी पुरे, आणि सोन्याचे नाणे त्यात बसणारच. शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली पुरावस्तू ठरते. खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर नेता किंवा पाठवता येत नाही.

आजीच्या डब्यात सापडले, तर आधी तोलून पहा आणि मग अक्षरांकडे बघा. दागिन्यांसाठी दिनाराच्या घाटाच्या पुष्कळ चकत्या बनल्या, ज्यांवर अरबीसारखे दिसणारे पण वाचता न येणारे नक्षीकाम असते. कोयंडा लावलेला असेल तर तो काढू नका, आणि काहीही झाले तरी घासून चमकवू नका.

हा विषय शिकायचा किंवा नाणी पाहायची तर कुठे?

मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात नाण्यांचे दालन आहे. नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्र संशोधनाची संस्था आहे, तिथे अभ्यासकांना फार उपयोग होतो. दिनार डोळ्यांखालून घालायचे असतील तर कैरोचे इस्लामी कला संग्रहालय आणि ब्रिटिश म्युझियम यांचे संग्रह नामांकित आहेत. कुफी, म्हणजे जुन्या नाण्यांवरची कोनदार अरबी लिपी, शिकायला इब्न तुलूनच्या घराण्याच्या नाण्यांपासून सुरुवात करा. अक्षरे ठसठशीत आहेत आणि मजकूर ठरलेला. मोसुलचा राज्यकर्ता बद्रुद्दीन लुलू याचे दिनार नंतरसाठी ठेवा, त्यांचे अक्षर देखणे आहे पण नवख्याला घाम फोडते.